मदत हवी आहे : घोडीच्या हृदयाचे ठोके लयीत नाहीत

नमस्कार. आमची नऊ वर्षांची मारवाडी घोडी सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली, घरच्यासारखी. अर्धा तास दुडकी चालली तरी न थकणारी. गेले तीन आठवडे मात्र दहा मिनिटांतच धापा टाकते, घामाने निथळते. खाणंपिणं ठीक आहे, ताप नाही.

आमच्या डॉक्टरांनी डाव्या कोपरामागे स्टेथोस्कोप लावला. ठोके मिनिटाला ४०, म्हणजे घोड्याला ठीकच, पण लय नाही. "एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे वरचे कप्पे नीट न आकसता नुसते थरथरतात) असेल, ईसीजी काढू," म्हणाले. दुसरे एक जाणकार म्हणतात, घोड्याचा ठोका चुकतोच, खुशाल रपेट मारा.

काल रात्री तबेल्यात बसून मीच ऐकलं. दोन ठोके, मग लांब थांबा, मग तीन घाईघाईने, मग पुन्हा शांत. कसलाच ठेका नाही. दोरीवर थोडं फिरवून आणल्यावरही तसंच. मुलगी तिच्यावर बसते, ते तूर्त बंद केलंय. हे खरंच दुर्लक्ष करण्यासारखं आहे का? लय परत आणायचं औषध, क्विनिडीन, कुणी दिलंय का?

प्रतिसाद :
बसणं बंद केलंत ते उत्तम, तसंच ठेवा. तुमचे जाणकार म्हणतात तो प्रकार वेगळा. तंदुरुस्त घोडा उभा असताना तीन-चार ठोक्यांनंतर एखादा गळतो, बहुतेक ठरावीक अंतराने, आणि दुडकीवर घेतला की लय जुळते. तुमच्या घोडीची जुळत नाही, म्हणून ईसीजी हवाच. माणसांचं साधं मशीनही चालतं. पी लहरी (वरचे कप्पे आकसल्याची ईसीजीवरची खूण) नाहीत आणि ठोक्यांमधलं अंतर कमीजास्त, असं दिसलं तर डॉक्टरांचा अंदाज खरा. सोनोग्राफीत झडपा आणि कप्पे बघून घ्या. हृदय बाकी धडधाकट असेल तर लय परत येण्याची आशा चांगली असते, पण दिवस जातील तशी ती कमी होते.

क्विनिडीन घरी अजिबात नको. ते नाकातून नळी घालून, ईसीजी चालू ठेवून दवाखान्यातच देतात. जुलाब, पोटदुखी, नाकात सूज येऊ शकते, कधी हृदयाची गतीच भलती वाढते. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा. पोटाखाली सूज आली किंवा उभ्या-उभ्या ठोके साठच्या वर गेले तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.

धागाकर्ता :
मनापासून आभार. उद्या सकाळीच ईसीजी काढतोय, कागद आला की इथेच टाकतो.