जठराचा कॅन्सर, केमो चालू, आणि अंडाशयातली गाठ: काढावी की नाही?

निशिगंध: बहिणीची केमो चालू आहे. जठरातली गाठ आक्रसली, पण दोन्ही अंडाशयांतल्या गाठी वाढतच चालल्यात. जठरातून अंडाशयात पसरलेल्या अशा गाठींना क्रुकेनबर्ग ट्यूमर म्हणतात. (१८९६ साली डॉक्टर क्रुकेनबर्गने वर्णन केलं, तेव्हा त्याला हा अंडाशयाचाच मूळ रोग वाटला होता!) माझं मत स्पष्ट आहे: जिथे केमोचं काही चालत नाही, ते काढून टाका. आमचे ऑन्कोलॉजिस्ट म्हणतात, थांबा. कशासाठी?

खडूस_मामा: राग मानू नका. 'गाठ काढलेल्या बायका जास्त जगल्या' हे सांगणारे बहुतेक अभ्यास जुन्या केसपेपरांवर बेतलेले. सर्जन टेबलावर घेतो कुणाला? जिची तब्येत धड आहे, रोग आटोक्यात आहे तिला. ती तशीही जास्त जगली असती. रेगाटा चाचणी बघा: जपान, कोरिया, सिंगापूर, १७५ रुग्ण. रोग पसरलेला असताना आधी जठर काढून मग केमो दिली. नुसत्या केमोपेक्षा आयुष्य वाढलं नाही. चाचणी मधेच थांबवली.

निशिगंध: तिथे जठर काढलं होतं, अंडाशय नाही! जठर गेलं की खाणं तुटतं, वजन उतरतं, केमो झेपत नाही. अंडाशय काढून यातलं काय होतं?

खडूस_मामा: फरक आहेच. पण जर्मनीच्या रेनेसाँस चाचणीत आधी केमो, मग ऑपरेशन असा क्रम होता. २०२४ मध्ये निकाल आला: एकंदरीत फायदा नाही. पेरिटोनियमवर, म्हणजे पोटाच्या आतल्या आवरणावर, रोग असलेल्यांचं तर उलट नुकसान. आणि अंडाशयात पोचलेला रोग पुष्कळदा तिथेही असतो, फक्त सीटी स्कॅनमध्ये दिसत नाही.

सुईदोरा: तुम्ही दोघं महिने मोजताय. मी कॅन्सर वॉर्डात नर्स आहे. पोट इतकं तट्ट फुगतं की बाईला आडवं होता येत नाही, दोन घास खाल्ले की धाप लागते. पाणी काढलं तरी पुन्हा भरतं. अशीला गाठ काढून झोप लागली, तर ते ऑपरेशन वाया गेलं म्हणायचं का? मात्र टाके भरेपर्यंत केमो बंद राहते, हे घरच्यांना आधी कुणी सांगत नाही. तेवढ्यात जठरातल्या रोगाने डोकं वर काढलं तर?

निशिगंध: तिला त्रास आहेच, रात्री उशांना टेकून बसते. आधी दुर्बिणीतून आवरण बघून घ्या, असं सांगते डॉक्टरांना. स्वच्छ निघालं तर ऑपरेशनसाठी भांडणार.

खडूस_मामा: स्वच्छ निघालं तर जरूर भांडा. नाही निघालं, तर तिलाच विचारा. भांडताय तुम्ही, टाके तिला पडणार आहेत.