मदत हवी आहे: शाळेच्या बॉन्डवर मत द्यायचंय, पण हिशोब जुळत नाही

नमस्कार मंडळी. आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. नागरिकत्व नवंच, त्यामुळे मतपत्रिका पहिल्यांदाच घरी आलीय. गाडी अडलीय ती शाळेच्या बॉन्डवर. आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टला नवी प्राथमिक शाळा बांधायला कर्ज काढायचंय आणि ते प्रॉपर्टी टॅक्समधून फेडणार. दर 1 लाख डॉलरमागे वर्षाला 48 डॉलर.

आमच्या घराचा भाव आज साधारण 12 लाख, म्हणजे 576 डॉलर झाले ना? पण शेजारचे आजोबा म्हणतात, त्यांना शंभरेक डॉलरच पडतील. घर डिट्टो आमच्यासारखं, फक्त 1985 साली घेतलेलं. चुकतंय कोण?

आणि व्याजासकट एकूण किती फेडायचे? दारात आलेल्या पत्रकात नुसते हसऱ्या मुलांचे फोटो. नवरा म्हणतो, शाळा चांगली झाली की घराचा भाव वाढतो, हो म्हणून मोकळी हो. आमची लेक आठवीत आहे, तिला त्या शाळेचा उपयोग नाही. तरी मला समजून मत द्यायचंय.

प्रतिसाद 1:
आजोबा बरोबर आहेत, ताई. बाजारभाव विसरा, टॅक्सच्या बिलावरची 'असेस्ड व्हॅल्यू', म्हणजे करासाठी धरलेली किंमत, बघा. 1978 च्या प्रपोझिशन 13 मुळे (प्रपोझिशन म्हणजे मतदारांनी थेट मत देऊन केलेला कायदा) ती खरेदीच्या किमतीपासून सुरू होते आणि वर्षाला फारतर 2 टक्के वाढते. नव्याने घर घेणाऱ्याला हे झोंबतंच, मलाही झोंबलं होतं.

एकूण परतफेडीचा अंदाज काउंटीच्या व्होटर गाइडमध्ये 'टॅक्स रेट स्टेटमेंट'खाली सापडेल. तो वाचल्याशिवाय हो म्हणू नका. सॅन डिएगोजवळच्या पॉवे डिस्ट्रिक्टने 2011 मध्ये साधारण 10.5 कोटी डॉलर उचलले, फेड मात्र 98 कोटींच्या घरात. पहिली 20 वर्षं हप्ताच नव्हता, व्याज चढत राहिलं. त्यानंतर 2013 च्या कायद्याने अशा बॉन्डना 25 वर्षांची आणि मुद्दलाच्या चौपट परतफेडीची मर्यादा घातली. चौपट म्हणजेही काही थोडं नाही म्हणा.

प्रतिसाद 2:
असा बॉन्ड मंजूर व्हायला पूर्वी दोन तृतीयांश मतं लागायची. 2000 च्या प्रपोझिशन 39 नंतर 55 टक्क्यांवर काम होतं, पण त्या बदल्यात कामांची यादी आधी द्यावी लागते, दरवर्षी ऑडिट होतं आणि नागरिकांची देखरेख समिती बसते. शिक्षकांच्या पगाराला यातला पैसा वापरता येत नाही, कुणी तसं सांगत असेल तर ऐकू नका. यादीत शाळेचं नाव स्पष्ट आहे की नुसतं 'सुधारणा' असं मोघम लिहिलंय, ते तपासा.

धागाकर्ती:
दोघांचे आभार! बिल काढलं. असेस्ड व्हॅल्यू 9 लाख 20 हजार, म्हणजे 442 डॉलर. परतफेड मुद्दलाच्या दुपटीच्या आत दिसतेय आणि यादीत शाळेचं नावही आहे. पण बिलावर जुन्या दोन बॉन्डच्या ओळी आधीपासून आहेत, इतकी वर्षं लक्षच गेलं नव्हतं. ते कधी फिटणार, हे कुठे कळेल?