मदत हवी आहे : गडगडलं की बोका दिवाणात घुसतो, बाहेर कसा काढायचा?

बंड्याचा_बाप | सोमवार, रात्री १०:१२

परवा ऑरेंज अलर्ट आहे म्हणून घाईत लिहितोय, शुद्धलेखन काढू नका. आमचा बोका बंड्या जरा गडगडलं की दिवाणाखाली जातो. खाली म्हणजे आत. मागून तळाशी प्लाय फुटलाय, तिथून घुसतो आणि मग चार-चार तास बाहेर येत नाही. वाटी वाजवा, हाका मारा, ढिम्म. गेल्या आठवड्यात ओढायला गेलो तर मनगटापासून कोपरापर्यंत हात सोलून काढला. याला बाहेर काढायची युक्ती सांगा. पिंजरा घ्यावा का? घ्यायचा तर कसला? लवकर.

माऊची_आई_ठाणे | १०:२५

अजिबात ओढू नका! घाबरलेलं मांजर अंधारी, अरुंद जागा शोधतं, तीच त्याची सुरक्षित जागा. तौक्ते वादळाच्या वेळी, १७ मे २०२१ला, आमची मनी सकाळपासून कपाटात साड्यांच्या मागे होती. रात्री अकराला आपणहून आली, जेवली, आळस दिला आणि जणू काही झालंच नाही अशी टीव्हीवर जाऊन बसली. आतच राहू द्या. पाण्याची वाटी तेवढी जवळ सरकवा.

सरळमार्गी | १०:३१

+१. उगाच कुरवाळत, "घाबरू नको रे सोन्या" करत बसू नका. आपण नेहमीसारखी कामं करत राहायची. त्याचा कान आपल्यापेक्षा कितीतरी तिखट, आपल्याला ऐकू येण्याआधी त्याला गडगडाट कळलेला असतो.

उगाच_एक | १०:३८

वय? नर का मादी? ऑपरेशन झालंय का? लस? जात कुठली? फोटो टाका की.

बंड्याचा_बाप | १०:४४

बोका लिहिलंय की वर. पाच वर्षं, देशी, ऑपरेशन झालंय, लशी झाल्यात. फोटो कशाला, तो दिवाणात आहे. प्रश्न बाहेर कसा काढायचा हा आहे.

अनुभवी_काका | १०:५२

आमच्याकडे पूर्वी कुत्र्याला दिवाळीत अर्धी क्रोसिन देत असू, शांत झोपायचा. मांजराला पाव गोळी द्या. फुकटचे सल्ले ऐकण्यापेक्षा बरं.

कंपाउंडर_होतो | १०:५५

काका, हात जोडतो, हे काढा इथून. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल, ते मांजराला विष आहे. ते पचवायची सोयच त्याच्या यकृतात नाही. पाव गोळीनेही रक्त निकामी होऊन जीव जाऊ शकतो. धागाकर्ते, माणसाची कुठलीही गोळी देऊ नका. भीती कमी करायची औषधं असतात, पण ती डॉक्टरांनी वजन बघून द्यायची.

अनुभवी_काका | ११:०१

आमचा कुत्रा चौदा वर्षं जगला. असो. हल्ली सगळेच डॉक्टर.

कायदा_जाणतो | ११:०६

सोसायटीवाले त्रास देत असतील तर घाबरू नका. प्राणी कल्याण मंडळाचं परिपत्रक आहे, घरात प्राणी पाळायला सोसायटी बंदी घालू शकत नाही. मसुदा हवा असेल तर व्यक्तिगत निरोप करा.

बंड्याचा_बाप | ११:०९

चाळ आहे साहेब. कोणी त्रास देत नाही. अख्ख्या मजल्याचे मासे खातो तो.

कोळीवाडा_कट्टा | ११:१५

मला एक कळेना. आत बसला तर बसू दे ना. चार तासांनी येतोच म्हणतोस. काढायची एवढी घाई का? आणि राहतोस कितव्या मजल्यावर?

बंड्याचा_बाप | ११:१८

तळमजला. पाणी येतं ना. मुंबईत परळजवळ, हिंदमाताच्या मागे. आधी मोरीतून उलटं येतं, मग उंबऱ्यावरून. एरवी घोट्याएवढं, २०१७च्या ऑगस्टात गुडघ्याच्या वर होतं. मला वाटलं लिहिलं मी.

माऊची_आई_ठाणे | ११:२०

अहो!! हे आधी सांगायचं ना. माझा वरचा सल्ला रद्द समजा. कृपया.

कोळीवाडा_कट्टा | ११:२४

वाटलंच. भोक तळाशी आहे म्हणजे पाणी आधी तेच बंद करणार, आणि भ्यालेला बोका बाहेर यायच्या ऐवजी आणखी आत सरकणार. दिवाणाची वरची फळी उचलता येत नाही?

बंड्याचा_बाप | ११:२७

फळीवर शिलाई मशीन आहे. ते हलवायला दोन माणसं लागतात. मी दुसऱ्या पाळीला असतो, दुपारी दोन ते रात्री अकरा घरी आई एकटी.

मुंबईकर_७१ | ११:३३

हिंदमाताला आता पाणी साचत नाही. पालिकेने प्रमोद महाजन उद्यानात आणि झेवियर्सच्या मैदानात जमिनीखाली टाक्या बांधल्यात. जुनी रडगाणी बंद करा.

लालबाग_परळ | ११:३६

रस्त्यावर कमी झालं हो, मान्य. आमच्या मोरीला ते परिपत्रक मिळालेलं नाही. त्यात साडेचार मीटरची भरती आणि पाऊस एका वेळी जुळले की बशीत पाणी राहतं तसं राहतं.

मुंबईकर_७१ | ११:४१

भरतीचा तक्ता पालिका पावसाळ्याआधीच देते, तो वाचायचे कष्ट घ्या. आणि सगळ्या मुंबईत सारखा पाऊस पडत नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर झाला, कुलाब्याला ७३.

उगाच_एक | ११:४३

यात बोका कुठे आहे?

सरळमार्गी | ११:४६

बोक्याकडे वळू. पिशवीसारखा कॅरियर नको, कडक प्लास्टिकचा घ्या, वरूनही उघडणारा. आणि वादळ आल्यावर तो माळ्यावरून काढू नका. आजपासून घरात उघडा ठेवा, आत त्याची रोजची गोधडी. नाहीतर कॅरियर दिसला की डॉक्टर आठवतात आणि मांजर गायब.

गुपचूप_वाचक | ११:५०

कॅरियर नसेल तर उशीचा अभ्रा. मांजर अलगद आत, तोंड बांधायचं, चाललो.

सरळमार्गी | ११:५२

भर पावसात? सुती अभ्रा भिजला की त्यातून हवा जात नाही, गुदमरेल. त्यापेक्षा कपड्यांची झाकणवाली प्लास्टिकची टोपली, चारी बाजूंनी भोकं असलेली, झाकण सुतळीने बांधा.

गुपचूप_वाचक | ११:५३

मी दोनदा नेलंय अभ्र्यातून. जिवंत आहे.

लालबाग_परळ | ११:५८

काढायचा कसा हा प्रश्नच सोडा. आत जाऊच द्यायचा नाही. भोकावर आजच फळी ठोका. आणि चाळीतली खोली ना? मग पोटमाळा असेल.

बंड्याचा_बाप | मंगळवार, रात्री १२:०४

आहे की. सामान आहे त्याच्यावर. शिडी उभी आहे, आईचे गुडघे गेलेत, ती चढू शकत नाही.

लालबाग_परळ | १२:१०

आईने कशाला चढायचं? बोक्याला शिडीचं काय अप्रूप! टीव्हीचा किंवा मिक्सरचा खोका आडवा ठेवा, तोंड भिंतीकडे, म्हणजे आत अंधार. आत तुमचा न धुतलेला बनियन. बाजूला शी-शूला माती भरलेलं घमेलं आणि पाणी. आजपासून दोन्ही वेळचं जेवण वरच. खालून आईने डबा वाजवायचा, हा वर पळाला पाहिजे. फक्त भोक बंद करायच्या आधी खोका तयार हवा. लपायला कुठेच नसेल तर तो दार उघडं दिसताच रस्त्यावर जाईल, मग शोधत बसाल गाड्यांच्या बॉनेटमध्ये.

कंपाउंडर_होतो | १२:१६

हेच बरोबर. दोन गोष्टी. पोटमाळ्यावर जुन्या गाद्या-गोधड्या असतील तर त्यात डांबरगोळ्या असणार. सगळ्या वेचून काढा, गोधड्याही खाली आणा. मांजराला त्या बाधतात, नुसत्या वासानेही त्रास होतो. कापूरही नको.

दुसरं, गढूळ पाण्यात भिजलाच तर साध्या कोमट पाण्याने पाय-पोट धुवा आणि टॉवेलने कोरडं करा, कारण तो अंग चाटणार आणि ते सगळं पोटात जाणार. डेटॉलचं पाणी नको, लादी फिनेलने पुसली असेल तर वाळेपर्यंत त्याला वरच ठेवा.

आणि तिसरं, दोन म्हटलं तरी. ऑपरेशन झालेला बोका, त्यात भीती. मातीत पुन्हापुन्हा बसतोय, कुंथतोय, ओरडतोय आणि लघवीचा थेंब नाही, असं दिसलं तर बद्धकोष्ठ समजून थांबू नका. वाट तुंबलेली असते, एक-दोन दिवसांत जीव जातो. तुम्हाला बैलघोडा हॉस्पिटल चालत जाण्यासारखं आहे, तसेच उचलून न्या.

बंड्याचा_बाप | १२:२२

डांबरगोळ्या आहेत. मूठभर निघाल्या आत्ताच. आई विचारते रात्री बारा वाजता काय चाललंय.

कोळीवाडा_कट्टा | १२:२५

डब्यात काय वाजवणार? सुका जवळा ठेव. आगोटीची, पावसाळ्याआधीची खरेदी झाली असेल ना?

माऊची_आई_ठाणे | सकाळी ७:४०

जवळा जपून हो, खारवलेला असेल तर मिठाने त्रास होतो. धुऊन द्या.

कोळीवाडा_कट्टा | ७:५५

ताई, जवळा खारवत नाहीत, वाळवतात. खारवतात ते वेगळं. आणि धुतलेला जवळा डब्यात वाजणार कसा?

उगाच_एक | ८:०२

अवांतर : दादरला सुके बोंबील काय भाव आहेत सध्या?

लालबाग_परळ | ८:१०

धागाकर्ते, पाणी उंबऱ्याला लागलं की आईंना आधी मेन स्विच बंद करायला सांगा, मग बोका. शेजारी वरच्या मजल्यावर कोण आहे त्यांना आजच सांगून ठेवा. आईसुद्धा वर गेल्या पाहिजेत, नुसता बोका नाही. अडकलातच तर पालिकेचा १९१६.

बंड्याचा_बाप | गुरुवार, पहाटे ६:३०

सगळ्यांना उत्तर द्यायला वेळ नाही झाला. मंगळवारी सकाळी भोकावर फळी ठोकली. बंड्या दोन तास फळीसमोर बसून माझ्याकडे बघत होता. खोका वर ठेवला, जवळा वर. मंगळवारी रात्रीपर्यंत तीनदा गेला, खाल्लं की खाली.

काल चारच्या सुमारास जोरात सुरू झालं. मी कामावर. आईचा फोन, दिवाणाकडे धावला, नखांनी फळी खरवडली, मग मोरीत जाऊन बसला. आईने डबा वाजवला तरी हलेना. पाणी मोरीच्या जाळीतून बुडबुडायला लागलं तेव्हा पाय झाडत उठला आणि दोन उड्यांत वर. खोक्यात नाही गेला. गणपतीच्या मखराच्या थर्माकोलमागे बसला. आई पहिल्या मजल्यावर वहिनींकडे गेली. पाणी घोट्याच्या खालीच राहिलं, साडेआठला ओसरलं. अकरा वाजता मी आलो तेव्हा वरून नुसते डोळे दिसत होते. एकला उतरला. लघवी केली, वर मातीत, बघितली मी.

मखराचं वाटोळं झालंय. थर्माकोल तो खात तर नसेल ना? दोन-तीन तुकडे कुरतडल्यासारखे दिसतात.

कंपाउंडर_होतो | ६:५१

किती मोठे तुकडे? उलटी झाली का? काही खाल्लं का त्याने सकाळपासून?

मुंबईकर_७१ | ६:५८

घोट्याच्या खालीच. मी काय म्हणत होतो.