टीव्हीच्या चित्राची सेटिंग्ज: डोळ्यांनाही सुखावतील आणि संचही टिकेल अशी कोणती ठेवावीत?

सांजवारा:
नमस्कार. आमचा ४३ इंची एलईडी टीव्ही दुकानातून आला तेव्हापासून ‘व्हिव्हिड’ मोडवरच चालू आहे. रात्री चित्र डोळ्यांत खुपते, मालिकांमधील चेहरे निळसर दिसतात आणि अक्षरांभोवती पांढरी कड उमटते. शेजाऱ्यांच्या टीव्हीची बॅकलाइटची पट्टी नुकतीच गेली. आवाज येत होता, पण पडदा काळाच. टीव्ही कायम पूर्ण उजेडावर चालवल्याने असे होते, असे दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांनी सांगितले. यात कितपत तथ्य आहे आणि कोणती सेटिंग्ज बदलावीत, याबद्दल जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा. वडील क्रिकेट पाहतात आणि आई मालिका, तेव्हा दोघांनाही चालेल असे काही हवे.

तारायंत्री:
त्या गृहस्थांचे म्हणणे बरोबर आहे. या टीव्हींचा पडदा स्वतः प्रकाश देत नाही. त्यामागे एलईडीच्या पट्ट्या असतात आणि त्यांवरील दिवे बहुधा एकाच साखळीत जोडलेले असल्यामुळे एक दिवा उडाला तरी सगळी रांग, किंबहुना पुष्कळदा संपूर्ण पडदा, अंधारतो. या दिव्यांचा खरा शत्रू उष्णता आहे आणि ती त्यांतून जाणाऱ्या विजेच्या प्रवाहाबरोबर वाढते. त्यामुळे आयुष्याचा प्रश्न जवळजवळ पूर्णपणे ‘बॅकलाइट’ या एकाच सेटिंगशी निगडित आहे. ‘व्हिव्हिड’मध्ये ते शंभराच्या आसपास असते, रात्री ३० ते ४० आणि दिवसा ६० ते ७० पुरेसे होते.

मात्र ‘बॅकलाइट’ऐवजी चुकून ‘ब्राइटनेस’ कमी करू नये. पुष्कळ संचांत ‘ब्राइटनेस’ म्हणजे काळ्या रंगाची पातळी असते. ती उतरवल्याने दिव्यांना काहीच आराम मिळत नाही, उलट सावलीतील तपशील बुजतात. सोनी आणि सॅमसंगच्या अलीकडच्या संचांत मात्र ‘ब्राइटनेस’ हाच बॅकलाइट असतो. आपल्याकडे काय आहे हे ओळखायचे असेल, तर काळ्याभोर केसांचा एखादा चेहरा पडद्यावर थांबवून ते सेटिंग खाली आणावे: केसांच्या बटा मिटून नुसता काळा गोळा उरला तर ती काळ्याची पातळी समजावी, आणि बटा दिसत राहून सगळे चित्रच मंदावले तर तो बॅकलाइट.

यानंतर मोड ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ ठेवावा आणि रंगांचे तापमान ‘वॉर्म’ करावे. चित्रपट आणि कार्यक्रम साधारण ६५०० केल्विनचा पांढरा रंग प्रमाण धरून तयार होतात आणि ‘वॉर्म’ त्याच्या सर्वांत जवळ जाते. पहिले काही दिवस चित्र पिवळट वाटेल, पण तेवढ्यासाठी लगेच मागे फिरू नये. कॉन्ट्रास्टसाठी वडिलांच्या कसोटी सामन्याचा उपयोग करावा: उन्हात उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाच्या पांढऱ्या सदऱ्यावरील चुण्या दिसेपर्यंत तो खाली आणावा. अक्षरांभोवतीची कड शार्पनेसमुळे येते. तो उतरवत जावे आणि कड नाहीशी होईल तिथे थांबावे. सोनीवर मात्र ५० हाच मूळ बिंदू असल्याने शून्यावर नेल्यास चित्र धूसर होते.

दूरदर्शी:
वरील प्रतिसादाशी सहमत आहे, फक्त भरदिवसा ‘सिनेमा’ मोड मंद वाटतो अशी तक्रार घरातून येईल. तेव्हा बॅकलाइटच वाढवावा, कॉन्ट्रास्टला हात लावू नये. संचात उजेड मोजणारा सेन्सर असेल तर तो चालू ठेवण्यास हरकत नाही.

हालचाल गुळगुळीत करणारी सोय चित्रपट आणि मालिकांसाठी बंद ठेवावी. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो. मधल्या चौकटी टीव्हीने स्वतः रचल्या की सगळे स्टुडिओतील चित्रीकरणासारखे कृत्रिम दिसू लागते. क्रिकेटला ती अगदी कमी प्रमाणात चालते, पण जास्त ठेवल्यास वेगाने जाणारा चेंडू तुटक दिसतो. पुष्कळ संचांत प्रत्येक एचडीएमआय जोडणीची सेटिंग्ज स्वतंत्र साठवली जातात, म्हणून सेट-टॉप बॉक्सवर केलेला बदल टीव्हीतील ॲपवर दिसला नाही तर गोंधळून जाऊ नये. आणि एसडी वाहिनीच्या जेमतेम ५७६ ओळी कोणत्याही सेटिंगने एचडी होत नाहीत. तिथे शार्पनेस वाढवणे म्हणजे केवळ खरखर वाढवणे.

सांजवारा:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. बॅकलाइट ३५ वर आणला आणि ‘वॉर्म’ ठेवले. आईला चेहरे आवडले, वडिलांची अजून कुरकुर आहे. आणखी एक शंका अशी की, भावाकडे ओएलईडी आहे आणि त्यावर दिवसभर बातम्या चालू असतात. त्यालाही हेच सांगावे का, आणि रात्री मुख्य बटण बंद केलेले चालते का?

तारायंत्री:
रंगांबाबत तोच सल्ला, निगेबाबत वेगळा. ओएलईडीमध्ये प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाश देतो आणि वापराप्रमाणे झिजतो, त्यामुळे वाहिनीचे चिन्ह आणि खालची बातम्यांची लाल पट्टी तासन्‌तास एकाच जागी राहिली तर त्यांचा कायमचा ठसा उमटू शकतो. आपल्या एलईडी टीव्हीला ती धास्ती जवळजवळ नाही. भावाने बातम्यांसाठी पडद्याचा उजेड कमी ठेवावा आणि पिक्सेल शिफ्ट (चित्र अधूनमधून किंचित सरकवणारी सोय) व चिन्हाचा उजेड उतरवणारी सोय बंद करू नये. ओएलईडी संच रिमोटने बंद केल्यावर स्टँडबायमध्ये पडद्याची डागडुजी स्वतःच करतात. एलजीच्या संचांत ती एकूण चार तासांच्या वापरानंतर होते. त्यामुळे त्याने रिमोटने टीव्ही बंद केल्या केल्या भिंतीवरचे बटण दाबू नये. आपला एलईडी संच मात्र रात्री खुशाल मुख्य बटणाने बंद करावा, आणि पावसाळ्यात विजा चमकत असतील तर प्लगच काढून ठेवावा.