आजोबांच्या पेटीत गुंजा सापडल्या

सोनाराची नात: माळा आवरताना आजोबांची लाकडी पेटी निघाली. आत पितळी काटा, चिमटा आणि एका गंजक्या डबीत लालभडक गुंजा. मोजल्या, ४३ भरल्या. यांनी खरंच सोनं तोलायचे? लेक म्हणते माळ करून दे. ती ४ वर्षांची आहे.

विड्याचा शौकीन: आमची आजी कुंपणावरच्या याच वेलाचा पाला विड्यात घालायची. ज्येष्ठमधासारखा गोड लागतो. शेंगेला मात्र हात लावू द्यायची नाही.

जुना कारागीर: आजी शहाणी होती. ताई, माळ अजिबात करू नका. दाण्याचं कवच कठीण असतं, अख्खा गिळला गेला तर बहुधा तसाच बाहेर पडतो. माळेसाठी मात्र भोक पाडावं लागतं, आणि विष आतच आहे. पोरानं दाणा चावला तर उलटीची वाट बघत बसू नका, थेट दवाखाना गाठा. त्रास दुसऱ्या दिवशीही सुरू होऊ शकतो. इंग्रजी अमदानीत कातड्यासाठी गुरं मारणारे लोक गुंजेची पूड मळून तिच्या टोकदार सुया वाळवायचे आणि जनावराच्या अंगात टोचायचे. एवढासा दाणा!

आता तोलण्याचं. ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा, म्हणजे ९६ गुंजा. तोळा ११.६६ ग्रॅमचा धरला तर गुंज साधारण ०.१२ ग्रॅमची पडते. ‘सगळ्या गुंजा एकाच वजनाच्या’ असं सगळीकडे छापतात, ते मला कधी पटलं नाही. आमचे वडील नव्या गुंजांचा ढीग पुढ्यात घेऊन बसायचे. एका पारड्यात जुनी, दुसऱ्यात नवी. काटा हलला की नवी अंगणात. दहातल्या दोन-तीनच डबीत जायच्या. वजन वेलानं दिलं म्हणा, पण सारखेपणा सोनारानं निवडून आणलेला.

सोनाराची नात: माळ रद्द. डबी वरच्या फळीवर, कुलपात. पण तुमचं वाचून राहवलं नाही, ४३ गुंजा डिजिटल काट्यावर टाकल्या. ४.८ ग्रॅम! हिशेबानं सव्वापाच हवे होते ना?

जुना कारागीर: या विकायच्या वेळच्या असतील, हलक्या. गिऱ्हाइकाची मोड, म्हणजे जुनं सोनं, विकत घ्यायची तर जड लागतात. पेटीत दुसरी डबी आहे का बघा!