शब्दचर्चा : मोटारीचा ‘विंग’ म्हणजे पंख की मडगार्ड?

खटपट्या :
इंग्लंडात राहतो. घरच्या गॅरेजात लोटस सेव्हन या छोट्या, उघड्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या घाटाची किट कार, म्हणजे सुटे भाग आणून घरीच उभी करायची गाडी, जोडतोय. सांगाडा उभा आहे, इंजिन बसलंय, आता पुढच्या चाकांवरचे ‘विंग’ मागवायचेत. दोन तऱ्हा मिळतात, सायकल विंग आणि क्लॅमशेल विंग. आईला फोनवर म्हटलं, “पंख निवडतोय.” ती म्हणाली, “गाडी आहे की विमान?” मराठीत याला म्हणावं काय?

बोरूबहाद्दर :
आईंचं बरोबर आहे, पंख नको. इंग्रजांचं विंग तेच अमेरिकनांचं फेंडर. हा शब्द ‘डिफेंड’चं डोकं उडवून उरलेला. आपल्याकडे सायकल-स्कूटरला मडगार्ड म्हणतात आणि मोटार ठोकली की डेंटिंगवाला सांगतो, “डावं फेंडर गेलं.” शिवाय शर्यतीच्या गाडीचं विंग निराळंच. 1968 साली मोनाकोच्या शर्यतीत लोटसच्याच 49बी गाडीला पुढे छोटे पंख लावले होते, ते गाडीला जमिनीवर दाबण्यासाठी. तुमचं क्लॅमशेल उलट, वेग वाढला की पोटात हवा धरून गाडीचं नाक हलकं करतं. दोघांना एकच शब्द कसा चालेल?

खटपट्या :
पटलं. सायकल विंगला मडगार्डच म्हणतो, कारण ते अक्षरशः तेच आहे. टायरच्या घेराबरोबर वाकवलेली अरुंद पट्टी, नळीच्या कंसांवर, चाकाच्या अपराइटला (चाक ज्यावर बसतं त्या उभ्या भागाला) बोल्टने जखडलेली. स्टीअरिंग फिरवलं की चाकाबरोबर वळते, खड्ड्यात चाकाबरोबर उसळते. म्हणजे तिचं वजन स्प्रिंगवर नाही, स्प्रिंगखाली पडतं. म्हणून लोक हलकी, कार्बन फायबरची घेतात. 1957 च्या पहिल्या सेव्हनला हीच असायची. लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन, त्याला वजनाचं वावडं होतं, ते दिसतंच.
अडचण क्लॅमशेलची. ते बॉडीला पक्कं असतं, चाक त्याच्या खाली वळतं. पुढे फुगीर आणि मागे उतरत उतरत कॉकपिटपर्यंत येतं. याला मडगार्ड म्हणायला जीभ वळत नाही.

खाडीकाठ :
क्लॅम म्हणजे आमच्या तिसऱ्या हो! एक शिंपली पालथी ठेवून बघा, तोच आकार. ‘शिंपली’ म्हणा की.

बोरूबहाद्दर :
शिंपली आकार सांगते, काम सांगत नाही. आणि उरलेली शिंपली कुठे, असं कुणीही विचारेल.

ओटी-पडवी :
मला घर आठवलं. छपराच्या एका उतरणीला आपण ‘पाखं’ म्हणतो. दुपाखी घर, चौपाखी घर. मूळ शब्द ‘पक्ष’, म्हणजे पंखाचाच चुलतभाऊ. पण पंख उडतो, पाखं पाणी बाजूला सारतं. तुमचं ते फुगीर, उतरतं क्लॅमशेल हेच करतं ना?

बोरूबहाद्दर :
वा! इतके दिवस शब्द डोक्यावर होता आणि आम्ही डिक्शनऱ्या चाळत बसलो.

खाडीकाठ :
शिंपली हरली तरी हरकत नाही. पण खटपट्या, घेताय काय ते तर सांगा.

खटपट्या :
सेव्हनला मडगार्डच शोभतं, नाकाची सगळी कुसर उघडी दिसते. पण या गाडीला धड दार नसतं, कोपर बाहेरच. गेल्या महिन्यात एकाच्या गाडीत शेजारी बसून वीसेक मैल गेलो, भुरभुर पाऊस होता. पट्टीच्या कडेवरून सुटलेलं पाणी बाहीतून काखेपर्यंत पोचलं, आणि एक खडा कानाजवळून गेला. इथल्या पावसात रोज चालवायची तर पाखीच घेणार. शर्यतीला न्यायची असती तर मडगार्ड घेतलं असतं. इंडिकेटरलाही पाख्यावर ऐसपैस जागा मिळते.
काल आईला सांगितलं, “पाखी बसवतोय.”
म्हणाली, “कौलं कुठली, मंगलोरी?”