प्रतिसाद: सूत्रात नसलेला घन भांड्यात मात्र हवाच

समतोल स्थिरांकाच्या (समतोलात असताना तयार झालेले आणि मूळ पदार्थ यांच्यातलं ठरलेलं गुणोत्तर) सूत्रात शुद्ध घन का लिहीत नाहीत, या प्रश्नावर वर म्हटलंय की घनाची संहती (लिटरमागे किती मोल) बदलत नाही, म्हणून ती स्थिरांकातच मुरवून टाकतात. चूक नाही, पण अर्धंच आहे. कॅल्शियम कार्बोनेट तापवलं की कॅल्शियम ऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड मिळतात. कार्बोनेटची घनता २.७१ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, म्हणजे 'संहती' लिटरला साधारण २७ मोल. चिमूटभर घ्या नाहीतर पोतंभर, आकडा तोच. मग सूत्रात त्याच्या जागी १ कुठून येतो? कारण काटेकोर सूत्रात संहती नसतेच, ॲक्टिव्हिटी (पदार्थाची परिणामकारक संहती, एकक नसलेला आकडा) असते, आणि ती पदार्थाच्या प्रमाण अवस्थेशी, म्हणजे ठरवून घेतलेल्या संदर्भ अवस्थेशी, तुलना करून ठरते. शुद्ध घनाची प्रमाण अवस्था म्हणजे तो शुद्ध घनच, म्हणून १. उरतो फक्त कार्बन डायऑक्साइडचा दाब. ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तो सुमारे १ ॲटमॉस्फिअर होतो.

सूत्रातून गाळला म्हणजे भांड्यातही नसला तरी चालेल, असं मात्र नाही (गुण जातात ते इथेच). दोन्ही घन थोडे तरी शिल्लक हवेत. कार्बोनेट पार संपलं, तर दाब त्या मूल्याच्या खाली कुठेही राहू शकतो. समतोल उरतच नाही.

पाण्याचंही तसंच. विरल जलीय द्रावणात ते जवळजवळ शुद्ध असतं, म्हणून गाळतात. पण ॲसिटिक आम्ल आणि इथेनॉलपासून एस्टर बनवताना पाणी मिश्रणातला एक घटक असतं, तिथे ते लिहावंच लागतं. आणि दाब हजारो पट वाढला तर शुद्ध घनाची ॲक्टिव्हिटीसुद्धा १ वरून सरकते.